लिलावातलं नाणं पुन्हा पुन्हा खोटं निघतंय? तपासणी बोलीआधी करा

मार्चमधल्या एका रविवारी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवरच्या लिलावात मी सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया जिंकला. गुरुवारी स्पीड पोस्टने पाकीट आलं. काट्यावर ठेवला, ११.६१ ग्रॅम. कॅलिपरने व्यास मोजला, बरोबर. कडेच्या खाचा सरळ, एकसारख्या. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी दिली, तर चांदीचा तो लांबत जाणारा आवाज आला. चांदी खरी होती आणि रुपयाही टांकसाळीतलाच होता.

मग दहापट भिंग लावून तारीख पाहिली. पहिल्या तीन आकड्यांभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, जुनाट, करडी होती. शेवटच्या इंग्रजी नऊच्या खालच्या डाव्या बाजूला मात्र सुईच्या टोकाएवढी जागा लखलखत होती. तिथे बारीक समांतर ओरखडे होते आणि जमीन जराशी खोल गेली होती. तो नऊ टांकसाळीतून आठ म्हणून बाहेर पडला होता. १९३८ चा साधा रुपया घ्यायचा, इंग्रजी आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू कोरून काढायची, की झाला १९३९. अडतीसचा रुपया सहज मिळतो. एकोणचाळीसच्या रुपयासाठी संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात आणि समोर आला की भान विसरतात. मीही विसरलो.

नाणी जमवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. दर महिन्याला कुणीतरी फोन करून सांगतं, "काका, पुन्हा फसलो." त्यातला 'पुन्हा' मला टोचतो. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा का फसावा? मला सापडलेलं उत्तर असं, की पहिल्या वेळी आपण एकच खूण शिकतो. हलकं नाणं मिळालं की काटा घेतो. पुढचं नाणं वजनाला बरोबर असतं आणि खोट तारखेत असते. तारीख बघायला शिकलो की पुढची फसवणूक बोलीत असते, नाण्यात काहीच नसते. आणि दर वेळी तपासायला आपण पाकीट फोडल्यावर बसतो. तोवर पैसे युपीआयवरून गेलेले असतात. म्हणून खाली मी तक्रारी घेतल्या आहेत त्या लोक सांगतात त्या शब्दांत, आणि प्रत्येकीखाली बोली लावायच्या आधी काय करता येतं ते लिहिलं आहे.

"फोटोत वेगळं होतं, हातात आलं ते वेगळंच"

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. बहुतेक वेळा फोटो दुसऱ्याच नाण्याचा असतो, एखाद्या मोठ्या लिलावाच्या कॅटलॉगमधून उचललेला. तो फोटो गुगल लेन्सवर टाका. दोन मिनिटांचं काम आहे. तोच फोटो पाच वर्षांपूर्वीच्या विक्रीत सापडला, तर पुढे काही विचारायची गरज नाही.

सापडला नाही तर विकणाऱ्याला इतकंच लिहा: "नाण्याशेजारी आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून दोन्ही बाजूंचा, कडेचा आणि काट्यावरचा फोटो पाठवा." चार फोटो. ज्याच्या हातात नाणं आहे त्याला हे करायला पाच मिनिटं लागतात. "लिलाव चालू आहे, वेळ नाही", "शंका असेल तर बोली लावू नका", "माझ्याकडून शेकडो लोकांनी घेतलंय" अशी उत्तरं आली की तो लॉट, म्हणजे लिलावातली ती वस्तू, माझ्यासाठी संपला. चांगला विक्रेता या मागणीने दुखावत नाही, हा माझा अनुभव आहे. उलट एकदोघांनी न मागता भिंगातून काढलेला फोटो दिला.

कडेच्या फोटोवर मी अडून बसतो. पुढची-मागची बाजू सगळेच दाखवतात, पण ओतीव नाण्याचं बिंग कडेवर फुटतं. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक रेघ राहते किंवा ती घासून काढल्याची खूण राहते. पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात, ती हवेच्या बुडबुड्यांची. अक्षरांच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या गोल होतात. ठशाखाली दाबलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी जमिनीला भिडतात तिथे त्यांची धार शिल्लक असते.

"वजन बरोबर होतं, तरी चांदी नव्हती"

आधी आकडे पाठ करून टाका. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा कंपनी सरकारचा आणि राणीछाप, राजाछाप रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी. म्हणजे निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेवर खाचांच्या मधोमध नक्षीची घळ आली. १९४७ चा रुपया निकेलचा, मागे वाघ असलेला.

यातून बोलीआधीची सगळ्यात सोपी चाळणी मिळते. त्या दिवशीचा चांदीचा एका ग्रॅमचा भाव पाहा आणि १०.७ ने गुणा. राणीछाप रुपया त्या रकमेच्या बराच खाली सुटत असेल, तर विकणारा इतका उदार का, हा प्रश्न स्वतःला विचारा. गल्लीतला सराफसुद्धा वितळवायच्या हिशोबाने त्याहून जास्त देईल.

लोहचुंबकावर फार विसंबू नका. चांदीचं म्हणून विकलेलं नाणं चुंबकाला चिकटलं तर खोटं, हे खरं. पण जर्मन सिल्व्हर (यात चांदी फक्त नावात), पितळ, तांबं यांपैकी काहीच चिकटत नाही आणि बाजारातले खोटे रुपये बरेचसे त्याच धातूंचे असतात. जर्मन सिल्व्हरचा रुपया वजनात बसवायचा तर तो किंचित जाड करावा लागतो, कारण तो धातू चांदीपेक्षा हलका. ती जाडी डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळते.

घरी करून बघा. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा, हल्ली तो स्वस्तात मिळतो. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. रुपया बारीक दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवतो त्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागा. ११.६० ग्रॅमचा खरा रुपया १.१३ च्या आसपास दाखवतो, भागाकार १०.२ ते १०.३ येतो. जर्मन सिल्व्हरचा असेल तर काटा १.३५ च्या घरात जातो आणि भागाकार साडेआठवर येतो. नाण्याला ओरखडासुद्धा पडत नाही. १९४० ते १९४५ च्या रुपयांना हा आकडा लावू नका, त्यांची मिश्रधातू वेगळी आहे, उत्तर कमीच येणार.

ही चाचणी नाणं हातात आल्यावरची आहे, हे कबूल. पण तिची वाट बोलीआधी मोकळी करता येते. विकणाऱ्याला लिहून विचारा: "धातू किंवा अस्सलपणा चुकीचा निघाला तर किती दिवसांत परत घ्याल, आणि टपालखर्च कुणाचा?" 'सात दिवस, माझा' एवढं उत्तर लेखी मिळालं की पाण्याच्या पेल्याला अर्थ येतो. लॉटच्या वर्णनात 'फोटोप्रमाणे, परत घेतले जाणार नाही' असं असेल, तर ती ओळ नाण्याच्या वर्णनाआधी वाचा.

आणि माझ्या एकोणचाळीससारख्या नाण्याला यातलं काहीच उपयोगी नाही, कारण धातू खराच असतो. जिथे एका आकड्यावर किंमत उभी असते, तिथे त्या आकड्याचाच जवळून फोटो मागायचा. दिवा एका बाजूने तिरपा धरून काढलेला, म्हणजे खरवडलेला खड्डा सावलीत दिसतो. शेजारी कॅटलॉगमधल्या खात्रीच्या नाण्याचा फोटो ठेवून त्या आकड्याचं वळण जुळवायचं. मी हे केलं नव्हतं. लॉट सुटायला चार मिनिटं होती.

"शिवराई घेतली, आता सगळे म्हणतात ओतीव आहे"

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आपल्याकडे नुसता संग्रहाचा विषय राहत नाही. माणूस ती देवघरात ठेवतो. २०२४ मध्ये राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं पूर्ण झाली त्या सुमारास माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी आयुष्यातलं पहिलं नाणं म्हणून शिवराई घेतली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना नव्या साच्यातली मिळाली. ज्यांना नाण्यांतलं काही कळत नाही आणि जे केवळ श्रद्धेपोटी पैसे देतात, त्यांना गाठून फसवलं जातं याचा मला मनापासून संताप येतो.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ती हाताने ठोकलेली. तांब्याचा तुकडा कापायचा, ठशावर ठेवायचा, घण घालायचा. तुकडा बहुतेक वेळा ठशापेक्षा लहान, म्हणून कुठे 'श्री' अर्धी कापली जाते, कुठे 'शिव' चा वकार कडेबाहेर जातो, कुठे ठिपक्यांच्या वर्तुळाचा एखादाच तुकडा उतरतो. सगळी अक्षरं मधोमध, ठिपक्यांचं अख्खं वर्तुळ, वर एकसारखा हिरवा रंग, अशी शिवराई स्वस्तात दिसली तर आनंदाच्या आधी शंका यावी. खरा हिरवा गंज धातूत मुरलेला असतो. लावलेला हिरवा अक्षरांच्या खाचांत साचतो आणि ओल्या कापसाला लागतो.

वजनाचा आधार इथे कमी. शिवराया वेगवेगळ्या टांकसाळींत, दीर्घकाळ, पेशवाईतही पडत राहिल्या. त्यातल्या दुदांडीसारख्या नंतरच्या प्रकारांचं रूपही निराळं. एका आकड्यात त्या बसत नाहीत. त्याऐवजी एक खूण सांगतो, ती हाताने ठोकलेल्या कोणत्याही नाण्याला लागू पडते: दोन नाणी तंतोतंत सारखी असूच शकत नाहीत. ठसा एकच असू शकतो, पण तुकड्याचा आकार, घाव बसलेली जागा, कडेची चीर ही प्रत्येकाची स्वतःची. म्हणून त्याच विक्रेत्याचे मागचे लॉट उघडून बघा. दोन महिन्यांपूर्वीच्या शिवराईला उजवीकडे खाली तुटलेला टवका होता आणि आजच्या शिवराईला त्याच जागी, त्याच आकाराचा टवका आहे, तर दोन्ही एका साच्यातून निघाल्या. एवढी एक गोष्ट बघायला शिकवली तर माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांचे पैसे वाचले असते.

सोन्याचा शिवकालीन होन व्हॉट्सॲपवर कुणी विकत असेल तर एकच सांगेन, बोली लावू नका. आजवर माहीत असलेले होन मोजके आहेत आणि जाणकारांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तसं नाणं विकायला निघत नाही.

राम-सीता किंवा हनुमान, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूकेएल वन आना' आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ साल, अशी नाणी आजही 'अतिदुर्मिळ' म्हणून लिलावात येतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. कंपनीची मुंबईची टांकसाळच १६७२ ची, आणि एक आण्याचं नाणं सरकारने काढलं ते विसाव्या शतकात, सातव्या एडवर्डच्या काळात. देवावरच्या श्रद्धेने घ्यायची तर देवाच्या दुकानातल्या किमतीला घ्या.

"नाणं खरं आहे, पण दुप्पट पैसे गेले"

नाण्यात खोट नसते तेव्हा ती बोलीत असते, आणि ही पकडायला सगळ्यात कठीण. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं. त्यानंतर आमचे बरेचसे छोटे लिलाव फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आले. तिथे लिलाव चालवणारा, विकणारा आणि बोली मोजणारा कित्येकदा एकच माणूस असतो.

एका ग्रुपमधली गोष्ट. सातव्या एडवर्डचा १९०३ चा रुपया, राजाच्या कानाखाली तिरपा ओरखडा. माझी बोली चार हजार आठशे. समोरचा पाच हजारांवर गेला, मी सोडून दिला. पुढच्या महिन्यात तोच रुपया परत लिलावात. कानाखाली तोच ओरखडा. विचारलं तर "पार्टीने पैसे दिले नाहीत." होतं असं कधीकधी. पण मी मागचे सगळे रविवार चाळले. ते पाच हजारवालं नाव चौदा लॉटमध्ये होतं. बारा ठिकाणी शेवटून दुसरं. दोन ठिकाणी जिंकलेलं, आणि ती दोन्ही नाणी पुन्हा विक्रीला आलेली. असा माणूस नाणी घेत नसतो, भाव चढवत असतो.

तेव्हा बोलीआधी ग्रुपचे मागचे दोन-तीन महिने वाचून काढा आणि वहीत लॉट, शेवटची बोली, जिंकणारा, त्याच्या खालचा अशा चार रकान्यांत लिहा. एका संध्याकाळचं काम. नेहमी हरणारं एखादं नाव असेल तर ते आपोआप वर येतं. जिंकलेली नाणी पुन्हा येतात का, तेही दिसतं.

'तुमची कमाल बोली मला खाजगीत सांगून ठेवा, मी तुमच्या वतीने लावतो' असं ॲडमिन म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. सहा हजार सांगून ठेवले आणि लॉट दर वेळी पाच हजार नऊशेला सुटतो, हे मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं आहे. तुमचा आकडा तुमच्या कागदावर. लॉट सुरू व्हायच्या आधी, शांतपणे, गेल्या दोन वर्षांत तशाच दर्जाचं नाणं मोठ्या लिलावांत कितीला गेलं ते बघून ठरवलेला. मोठी लिलावगृहं सुटलेल्या किमती संकेतस्थळांवर ठेवतात. त्या बघताना खरेदीदाराकडून घेतली जाणारी दलाली आणि त्यावरचा जीएसटी धरला आहे की नाही ते पाहा. हातोडा दहा हजारांवर पडला म्हणजे दहा हजारांत काम झालं असं नसतं. कागदावरचा आकडा दलाली, कर, टपाल सगळं धरून लिहा आणि मग उलटं मोजत बोलीपर्यंत या.

लिलाव संपल्यावर निरोप येतो: "पहिल्याने माघार घेतली, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो." हरखून जाऊ नका. पहिला बनावट असेल, तर तुमची शेवटची बोलीसुद्धा त्यानेच वर ढकललेली असते. बोलींची यादी काढा, त्या नावाच्या सगळ्या बोली खोडा आणि उरलेल्यांत तुम्हाला नाणं कितीला मिळालं असतं ते मोजा. तेवढेच देऊ करा. एडवर्डच्या रुपयासाठी मी तसं मोजलं तर तीन हजार शंभर आले. मी तेवढे लिहून पाठवले. उत्तर आलं नाही, आणि त्यात माझं काही गेलं नाही.

"डबीबंद, प्रमाणपत्राचं घेतलं, तेही खोटं"

पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या सीलबंद डब्यांवर लोकांचा विश्वास असतो आणि तो रास्त आहे. पण डब्याही खोट्या बनतात आणि त्यांवर खऱ्या नाण्याचा नंबर छापतात. नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की 'नोंद आहे' एवढं येतं आणि माणूस निश्चिंत होतो. नोंद बघून थांबू नका. तिथे फोटो असेल तर डाग, ओरखडे, रंगाची छटा समोरच्या नाण्याशी ताडून पाहा. फोटो नसेल तर निदान साल, टांकसाळ आणि दर्जा लेबलशी जुळतो का ते बघा. कुणा स्थानिक दुकानाने स्वतःच छापून दिलेल्या 'अस्सलतेच्या प्रमाणपत्रा'ची किंमत त्या दुकानाच्या शब्दाएवढीच.

"शेतात हंडा सापडलाय, गुपचूप विकायचाय"

असं सांगणारा बहुतेक वेळा खोटा असतो. पण खरा निघाला तर तुमची अडचण जास्त. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो परस्पर विकत घेणाऱ्याने नसतं झेंगट गळ्यात घालून घेतलेलं असतं.

परदेशातल्या आपल्या मंडळींनी हे आवर्जून वाचावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा रुपया असो की शिवराई, "दुबईला, लंडनला कुरियर करतो" म्हणणारा एक तर कायदा मोडतोय किंवा काहीच पाठवणार नाहीये. दोन्हींत पैसे तुमचेच बुडतात. तिकडे आधीपासून असलेली भारतीय नाणी तिथल्या लिलावांत येतात, ती घ्या. परदेशी लिलावात पेपालने पैसे देताना 'फ्रेंड्स अँड फॅमिली' निवडायला सांगितलं तर थांबा, त्यात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही.

उलट दिशेची एक फसवणूक, थोडक्यात: वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं किंवा ७८६ ची नोट लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही. घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा.

फसवणूक होऊन गेली असेल तर

पाकीट फोडतानाचा व्हिडिओ असेल तर तुमची बाजू भक्कम. पाकिटावरचा पत्ता, टपालाच्या पावतीवरचं वजन, फोडणं आणि नाणं काट्यावर ठेवणं, सगळं एका सलग चित्रीकरणात. यापुढे सवय लावून घ्या.

ग्रुपमध्ये भांडण सुरू करू नका. तुम्हाला काढून टाकतील आणि मेसेज हाताबाहेर जाऊ शकतात. आधी लॉटचं वर्णन, बोली, पैसे दिल्याची नोंद, विकणाऱ्याची उत्तरं यांचे स्क्रीनशॉट काढा. मग खाजगीत, सभ्य भाषेत, लेखी मागणी करा: काय चुकीचं निघालं, कोणत्या तपासणीने, पैसे कधीपर्यंत परत हवेत. कार्डने दिले असतील तर बँकेकडे लगेच वाद नोंदवा. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार घाला. इथे तासांचा हिशोब असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले तर मिळण्याची आशा राहते. लाजेने दोन दिवस गप्प बसलेले लोक मी पाहिले आहेत, कृपा करून तसं करू नका. विकणारा व्यापारी असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही.

नाणं खरं की खोटं यावरच वाद असेल, तर जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा, फोटोवरून निकाल मागू नका. आणि एरवीही डोळा तयार करायला खरी नाणी बघत राहा. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. खऱ्या शिवराईसमोर अर्धा तास उभं राहिल्यावर जे कळतं ते माझ्या या सगळ्या लिहिण्यातून कळणार नाही.

माझ्या रुपयाचे पैसे परत आले नाहीत. "सहा जणांनी बघितलं, कुणी काही बोललं नाही" एवढंच उत्तर मिळालं. एका मित्राने सुचवलं, पुढच्या लिलावात टाकून दे. ते माझ्याच्याने होणार नव्हतं. आता तो रुपया पारदर्शक पाकिटात आहे, वर लाल शाईने 'मूळ १९३८, तारीख बदललेली' असं लिहिलेलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जण एकाच्या घरी जमतो, तिथे मी तो नेतो. नवीन मुलगा आला की त्याच्या हातात भिंग आणि रुपया देतो, खिडकीपाशी तिरप्या उजेडात उभं करतो आणि काही न सांगता थांबतो. गेल्या वेळी एका अकरावीतल्या मुलीला ती चमकती जागा वीस सेकंदांत दिसली.